बायकांच्या मॅचमध्ये राडा झाला की लोकांना जास्त का खटकतं?

कारण पोरगा चिडला की 'जिगर आहे' आणि पोरगी चिडली की 'हिला काय झालं'. २०२३ ला बांगलादेशात मीरपूरला आउट दिल्यावर आपल्या बायकांच्या क्रिकेट टीमची कॅप्टन हरमनप्रीतने स्टंपवर बॅट हाणली, २ मॅचची बंदी आली, ती बरोबरच होती (मला तरी पटली), पण कोहलीचा आरडाओरडा आपणच कौतुकाने फॉरवर्ड करतो ना? इथे पुण्यात संध्याकाळी पोरींची कबड्डी बघायला जा एकदा, ग्राउंड १२ बाय ८ मीटरचं म्हणजे पुरुषांपेक्षा जरा लहान, पण पकड तीच, कोपरं सोललेली, कॉर्नरची पोरगी रेडरचा घोटा धरून अशी खेचते की धप्प आवाज येतो, आणि बाजूला उभे काका लगेच 'अगं हळू, लागेल तिला'. पोरांच्या मॅचला हेच काका 'दाब त्याला, सोडू नको!'