तो कसा मेला, ते त्याला विचारू दे

प्रिय अक्का,

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, चौथीत गेलाय. यंदा मे महिन्यात त्याला माझ्या भावाकडे पाठवलं होतं. भाऊ मोठ्या शहरात राहतो. तिथल्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात मुलांसाठी दहा दिवसांचं उन्हाळी विज्ञान शिबिर असतं. फी साडेचार हजार. ह्यांचा विरोध होता, मग मी शिवणकामाच्या पैशांतून भरली. सहा दिवस आनंदाने गेला. सातव्या दिवशी पोटात दुखतंय म्हणाला, तो पुढे गेलाच नाही. वहिनी म्हणाली, "ओळख लावून जागा मिळवली होती, आम्हाला मान खाली घालायला लावली." हे म्हणतात, पैसे पाण्यात गेले. जाऊबाईंच्या मुलाने दुसऱ्या एका शिबिरात ज्वालामुखी केला, सर्टिफिकेट आणलं, ते त्यांनी फ्रेम करून हॉलमध्ये लावलंय. आमचा एकच चित्र घेऊन आला, तेही अर्धवट. तसा हट्टीच आहे तो. गेल्या वर्षी शाळेची सहल नान्नजला गेली होती, तेव्हा माळढोक दिसला नाही म्हणून येताना बसमध्ये रडला होता. या शिबिरातही सहाव्या दिवशी काचेच्या कपाटातल्या पक्ष्याकडे बघून सरांना "हा माळढोक कसा मेला" असं काहीतरी विचारलं म्हणे. मुलं हसली. सर म्हणाले, आधी चित्र पूर्ण कर. रात्री फोनवर मलाही तेच विचारत होता, मी म्हटलं झोप आता. सासूबाई म्हणतात, पोराच्या तोंडी मेल्या-बिल्याच्या गोष्टी बऱ्या नव्हेत. अक्का, पुढच्या वर्षी त्याला जबरदस्तीने पाठवू का? की त्याला विज्ञानाची आवडच नाही असं समजू? आणि वहिनीशी काय बोलू?

— एक आई, जुळे सोलापूर

अगं बाई,

तुझं मूळ पत्र चार पानांचं. त्यात वहिनीला एक पान, फीला एक, जाऊबाईंच्या फ्रेमला जवळजवळ दीड. मुलाने काय विचारलं त्याला एक ओळ, आणि त्या ओळीतही "असं काहीतरी". ती ओळ मी तीनदा वाचली. बाकीच्या साडेतीन पानांवर मी आज काही बोलणार नाही. वहिनीचा राग महिनाभरात उतरेल, आणि फीचा हिशेब तुझा नि तुझ्या नवऱ्याचा.

तूच लिहिलेल्या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेव. गेल्या वर्षी पोरगं नान्नजला गेलं. माळढोकाचं अभयारण्य म्हणून नेलं होतं ना त्यांना? पाटीवर त्याचं चित्र, शाळेच्या पुस्तकात त्याचं नाव, आणि माळावर मात्र तो नाही. रडत घरी आलं. यंदा शेकडो मैलांवर, अनोळखी शहरात, एका काचेच्या कपाटात तोच पक्षी त्याच्यासमोर उभा राहिला. ज्याला आपल्या गावच्या माळावर शोधला, तो तिथे पेंढा भरून ठेवलेला! मग ते लेकरू दुसरं काय विचारणार? "हा कसा मेला?" मी असते तरी हेच विचारलं असतं. त्या शिबिरात दहा दिवसांत याहून चांगला प्रश्न कुणी विचारला असेल असं मला वाटत नाही.

सहाव्या दिवशी प्रश्न, सातव्या दिवशी पोटदुखी. मध्ये एक रात्र होती गं. सरांनी टाळलं, पोरं हसली, मग त्याने सगळ्यात शेवटी आईला विचारलं. ती रात्र तुझ्या हातात होती आणि तू म्हणालीस, झोप आता. दिवसभर मशीनवर बसून पाठ मोडली असेल तुझी, मला कळतं. तरी हे तुला सांगायलाच हवं, कारण तू अजूनही ते पोट जाऊबाईंच्या फ्रेमशी लावून बघते आहेस.

आता काही वाचक मला लिहितील की मुलाच्या मनात मृत्यूची भीती बसली असणार, कुणाला तरी दाखवा. अजिबात नाही. नऊ वर्षांचं पोर पक्षी कसा मेला असं विचारतं, तेव्हा त्याला बहुतेक वेळा पक्षी कसा मेला एवढंच जाणून घ्यायचं असतं. सासूबाईंनाही हेच सांग. गोड आवाजात सांग, पण सांग.

"हा कसा मेला?" या प्रश्नाने केवढं काम केलंय ते तुला माहीत असायला हवं, म्हणून सांगते. आपल्या लहानपणी मेलेलं जनावर गावाबाहेर टाकलं की तासाभरात गिधाडं उतरायची. आठवतं का? तू लहान असशील, आईला विचार. १९९० नंतर ती दिसेनाशी झाली. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांच्या लक्षात आलं की झाडावर बसलेल्या गिधाडांच्या माना लोंबायला लागल्यात आणि मग ती खाली पडून मरतायत. पांढऱ्या पाठीची गिधाडं तर पंधरा वर्षांत हजाराला एक उरली. कुणी म्हणालं रोग, कुणी म्हणालं विष. मग शास्त्रज्ञांनी काय केलं, तर मेलेली गिधाडं उचलली, टेबलावर घेतली, पोट उघडलं. आत काळजावर, यकृतावर खडूसारखा पांढरा थर. मूत्रपिंडं निकामी झाली की असा थर साचतो. त्यावरून माग काढत काढत २००४ साली गुन्हेगार सापडला. डायक्लोफिनॅक, गाईबैलांना दुखण्यावर देतात ते औषध. औषध दिलेलं जनावर मेलं, गिधाडांनी खाल्लं, गिधाडं मेली. २००६ मध्ये आपल्याकडे जनावरांसाठी त्यावर बंदी आली. ही सगळी माणसं तुझ्या लेकाचाच प्रश्न घेऊन बसली होती. त्यांना कुणी "आधी चित्र पूर्ण कर" म्हणालं असतं तर?

आता त्या काचेतल्या पक्ष्याबद्दल, कारण फोनवर त्याला जे सांगायचं राहिलं ते तुला आज सांगता आलं पाहिजे. आत हाडामांसाचं जवळजवळ काही नसतं. कातडी अलगद सोडवून घेतात, आत तार, कापूस, पेंढा भरून पक्षी उभा करतात. डोळे काचेचे. पिसं, चोच, पाय मात्र त्याचेच. कातडीला कीड लागू नये म्हणून जुन्या काळी आतून सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष, चोळायचे, म्हणून तर जुन्या नमुन्यांना हात लावू देत नाहीत. हे सांग त्याला, डोळे मोठे करून ऐकेल.

आणि मुख्य गोष्ट. संग्रहालयातला नमुना नुसता उभा नसतो, त्याची नोंद असते. कुठे मिळाला, कोणत्या तारखेला, नर की मादी, कुणी आणला. पायाला दोऱ्याने चिठ्ठी बांधायची आणि तेच वहीत उतरवून क्रमांक द्यायचा, ही शे-दीडशे वर्षांची रीत आहे. चिठ्ठी हरवलेला पक्षी अभ्यासकांच्या फारसा कामाचा राहत नाही, नुसती शोभा उरते. म्हणजे बघ, तुझ्या मुलाने जे विचारलं त्याचं उत्तर त्याच इमारतीत, कुठल्या तरी कपाटातल्या रजिस्टरमध्ये लिहिलेलं असण्याची पुरती शक्यता आहे. ज्वालामुखीचं काय, खायचा सोडा आणि व्हिनेगर आपल्या ओट्यावरही फसफसतो. जाऊबाईंच्या मुलाला मी नावं ठेवत नाही, मजा आली असेल त्याला. पण संग्रहालयात जायचं ते खऱ्या वस्तूसमोर उभं राहायला. तुझा मुलगा सहा दिवस गेला आणि खऱ्या वस्तूसमोर उभा राहिला. तुझे साडेचार हजार तिथेच वसूल झाले.

मी माळढोक पाहिलाय. अभयारण्य १९७९ मध्ये झालं, त्यानंतर दोन-तीन वर्षांनी असेल. बार्शी रोडने एसटीने येत होते, शाळू काढून झाला होता, रानात नुसती धसकटं. माझ्या शेजारच्या म्हातारबाबांनी खिडकीतून बोट दाखवलं, "हूम बघ." जुनी माणसं त्याच्या आवाजावरून त्याला हूम म्हणायची. पांढरी लांब मान, डोक्यावर काळी टोपी, आणि चाल अशी की घाई कसली ती त्याच्या सात पिढ्यांत नाही. चोच किंचित वर धरून तो धसकटांतून चालत गेला. एसटीकडे बघितलंसुद्धा नाही. गाडी वळली आणि संपलं. तुझ्या मुलाला ते मिळालं नाही, आणि त्याची चूक नसताना मिळालं नाही. मी म्हातारी त्याला आपल्या आठवणीतला पक्षी देऊ शकत नाही, याचं मला वाईट वाटतं.

आता तुला काय करायचं ते. एकच गोष्ट.

येत्या रविवारी त्याला जवळ बसव आणि म्हण, "तू विचारलं होतंस ना, तो माळढोक कसा मेला? मला माहीत नाही. ज्यांना माहीत असेल त्यांना आपण पत्र लिहू." "मला माहीत नाही" हे शब्द गाळू नकोस. आईच्या तोंडून ते ऐकायला मिळणं ही मुलाच्या दृष्टीने मोठी गोष्ट असते. मग त्याला संग्रहालयाच्या प्रमुखांच्या नावे पत्र लिहायला लाव. मेल नको, व्हॉट्सअॅप नको, कागदावर, त्याच्या अक्षरात. कोणत्या मजल्यावर, कोणत्या कपाटात तो पक्षी आहे ते त्याला नक्की आठवत असेल, तेही लिहू दे. भावाला सांगून कपाटावरच्या पाटीचा फोटो मागव, क्रमांक असला तर पत्रात घाला. तो कुठे सापडला, कधी आणि कसा मेला, एवढंच विचारायचं. तू सांगून लिहून घेऊ नकोस. शुद्धलेखन तपासू नकोस. "आदरणीय महोदय" वगैरे त्याला सुचलं तर ठीक, नाही सुचलं तरी ठीक. ते अर्धवट चित्रही पाकिटात घालायचं असं त्याच्या मनात आलं तर घालू दे, पूर्ण कर म्हणू नकोस.

उत्तर यायला वेळ लागेल. आलं तर त्यात काय असेल त्याची तयारी मात्र तू ठेव. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्याआधी माळढोक मांसासाठी आणि हौसेसाठी मारला जायचा. नमुना त्याआधीचा असेल तर बहुधा बंदुकीने पडलेला असेल. तसं निघालं तर तसंच वाचून दाखव. "देवाघरी गेला" करू नकोस. नंतरचा असेल तर विजेच्या तारेला धडकून मेलेला असू शकतो. पक्षी जड, नर दहा-पंधरा किलोंपर्यंत भरतो, डोळे बाजूला असल्यामुळे समोरची तार नीट दिसत नाही, आणि दिसली तरी इतक्या वजनाला ऐनवेळी वळणं जमत नाही. मग तो विचारेल, नान्नजचे कुठे गेले? तेव्हाही खरंच सांग. मादी बहुतेक वेळा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. माळ नांगरला गेला, पाणी आलं, ऊस आला, कुत्री आली, जनावरांचे पाय आले. त्या एका अंड्याला जागा राहिली नाही. आपल्या घरात साखर येते ती त्याच उसाची, हे त्याच्या ध्यानात येईल. येऊ दे. त्यावरही तो काहीतरी विचारेल आणि तुला उत्तर येणार नाही.

नोंद सापडत नाही असं उत्तर आलं, तर तेही उत्तरच. काहीच आलं नाही तर दिवाळीनंतर दुसरं पत्र.

पुढच्या वर्षीच्या शिबिराचं मला विचारू नकोस, त्याला विचार. जायचं असेल तर तोच सांगेल, आणि वहिनीला कसं पटवायचं तेही तोच शोधून काढेल. नान्नजलाही परत ने, पण पत्र पडल्यावर. पावसाळ्यात, पहाटे. काळवीट नक्की दिसतील, नशीब असेल तर लांडगाही. माळढोक दिसेल असं वचन देऊ नकोस.

पाकीट घेऊन दोघं चालत जा. पेटी उंच असेल तर त्याला उचलून धर, पण पत्र त्यालाच टाकू दे.

तुझी,
अक्का