निवृत्तीनंतर घर विकून आरव्हीत, ॲरिझोनाच्या वाळवंटात राहणं जमेल का?

तुम्ही विचारलंय की तुमचं वय ६२, बायकोचं ५९, न्यू जर्सीचं घर विकून मोटरहोम (म्हणजे आरव्ही, चाकांवरचं घर) घ्यायची आणि ॲरिझोनात कायमचं फिरत राहायचं, तर खर्च किती आणि बायकोला कसं पटवायचं. खर्चाचं सांगते. पटवण्यात मदत करणार नाही, कारण मला तुमच्या बायकोचंच बरोबर वाटतंय. आरव्ही नको असं नाही हं, आम्ही दोघं रिटायर झाल्यापासून दर हिवाळ्यात ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या क्वार्ट्झसाइट गावाला जातो आणि मला ते दिवस फार आवडतात. पण घर आम्ही विकलेलं नाही, आणि तुम्हीही इतक्यात विकू नका.

कारण उन्हाळा. यूट्यूबवर सगळे व्हिडिओ जानेवारीतले असतात, निळं आकाश, खुर्ची, हातात कॉफी. जून-जुलैत तिथे पारा ४५ च्या आसपास जातो, आरव्हीच्या भिंती असतात दोन-अडीच इंचाच्या, आणि छतावरचा एसी दिवसभर चालवला तरी बाहेरच्यापेक्षा जेमतेम १०-१२ डिग्री खाली आणतो. तेही विजेचं कनेक्शन असलेल्या पार्कात, साध्या सोलरवर दुपारभर एसी विसराच. म्हणून एप्रिल उजाडला की सगळे गाशा गुंडाळतात. जे बाराही महिने गाडीत राहतात ते मग उंचावर जातात. क्वार्ट्झसाइट समुद्रसपाटीपासून साधारण २७० मीटरवर, फ्लॅगस्टाफ २१०० वर, राज्य तेच पण हवा वेगळी. तिथे कोकोनिनो नॅशनल फॉरेस्टमध्ये फुकट राहता येतं, फक्त १४ दिवस झाले की हलायचं. ऐकायला छान वाटतं, पण जूनमध्ये जंगल कोरडं असतं, आगीच्या भीतीने काही वर्षी काही भाग बंदच करतात, आणि जुलैत मान्सून (हो, तिकडेही मान्सूनच म्हणतात) सुरू झाला की कच्च्या रस्त्यात मोठी गाडी रुतली म्हणून समजा. तेव्हा जून ते सप्टेंबर आपण कुठे असणार याचं उत्तर आधी लिहून काढा, मग गाडीचे ब्रोशर उघडा. आमचं उत्तर आहे स्वतःचं घर आणि अधूनमधून मुलीकडे.

हिवाळ्यातली जागा मात्र खरंच स्वस्त. ही सगळी सरकारी जमीन, ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटची, लोक नुसतं बीएलएम म्हणतात. गावाभोवती फुकट जागा आहेत तिथे १४ दिवसांची मर्यादा, आणि जास्त राहायचं असेल तर ला पोसासारख्या जागा आहेत, १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असा सीझन, अख्ख्या सीझनची फी १८० डॉलर, १४ दिवसांचे ४०. बरीच वर्षं हेच आकडे आहेत, तरी येण्याआधी एकदा बघून घ्या. तुम्ही ६२ चे आहात म्हणजे ८० डॉलरमध्ये नॅशनल पार्कचा लाइफटाइम सीनियर पास मिळेल (सिटिझन किंवा ग्रीन कार्ड हवं), त्यावर बऱ्याच सरकारी कॅम्पग्राउंडला निम्मे पैसे पडतात. ला पोसाच्या परमिटला ती सवलत नाही.

आता जिथे खरं घोडं अडतं ते. जागा १८० डॉलरची, पण त्यात नळ नाही, वीज नाही, ड्रेनेज नाही. ला पोसाच्या दक्षिण भागात पाणी भरायची आणि टाक्या रिकाम्या करायची सोय आहे, तिथपर्यंत गाडी न्यायची नाहीतर कॅन आणि चाकांची टाकी घेऊन फेऱ्या मारायच्या. गाडीत तीन टाक्या असतात, चांगल्या पाण्याची, ग्रे म्हणजे सिंक-शॉवरची, आणि ब्लॅक म्हणजे संडासची. सगळे नवखे ब्लॅकला घाबरतात, पण आपल्या घरात आधी भरते ती ग्रे. तांदूळ धुवा, डाळ धुवा, कोथिंबीर तीनदा धुवा, कुकर घासा, कढई घासा, संपली टाकी. आणि ग्रेमध्ये तेल-हळद गेली की चार दिवसांनी असा वास येतो की पाहुण्याला आत बोलवायची लाज वाटते. आमच्याकडे नियम आहे, ताट-कढई आधी कागदाने कोरडी पुसायची, मग स्प्रेच्या बाटलीतल्या पाण्याने धुवायची. आमच्या ह्यांना हे अंगवळणी पडायला अख्खा सीझन गेला. संडासचं उलट आहे, तिथे कंजुषी करायची नाही, पाणी कमी पडलं की टाकीत सगळं वाळून ढीग साचतो आणि मग निघता निघत नाही. आपली पाणी वापरायची सवय इथे फायद्याची आहे, कागद कमी लागतो, टाकी तुंबत नाही, फक्त लवकर भरते. हे कुठल्याही डीलरने आम्हाला सांगितलं नव्हतं, त्याला बहुतेक प्रश्नच कळला नसता.

बायकोला हे सगळं आधी सांगा, कारण रोजची ही कामं कोण करणार यावरून भांडणं होतात. आमच्याकडे टाक्या आणि पाईप आमचे हे बघतात, स्वयंपाक अर्धा-अर्धा. गॅस प्रोपेनचा, त्यावर कुकर, पोळ्या सगळं होतं. फोडणी मात्र बाहेर टेबलावर छोट्या शेगडीवर, नाहीतर पांघरुणालासुद्धा लसणीचा वास. इंडक्शन नेऊ नका, बॅटरी बसते.

रात्री थंडी असते बरं का, डिसेंबरात पहाटे ४-५ डिग्री, हीटर प्रोपेन पितो आणि त्याचा पंखा बॅटरी खातो. कोरड्या ओढ्यात गाडी कधी लावायची नाही, पाऊस लांब डोंगरात पडतो आणि पाणी तुमच्याकडे येतं. आणि पॅक रॅट नावाचे उंदीर आहेत ते इंजिनात घर करून वायरी कुरतडतात, म्हणून रात्री लोक बॉनेट उघडं ठेवतात, खाली दिव्यांच्या माळा लावतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं अजून ख्रिसमस चालू आहे.

इन्शुरन्सकडे दुर्लक्ष करू नका, माझ्या मते घर न विकण्याचं हे दुसरं मोठं कारण. मेडिकेअर, म्हणजे सरकारी आरोग्य विमा, ६५ ला, म्हणजे तुमची तीन वर्षं आणि बायकोची सहा वर्षं मार्केटप्लेसचा (स्वतः विकत घ्यायचा खाजगी विमा) प्लॅन लागणार, तो पत्त्यावर ठरतो आणि त्याचं नेटवर्क बहुतेक त्या राज्यापुरतंच. लोक साउथ डकोटा, टेक्सास किंवा फ्लोरिडाचा पत्ता घेतात, तिथे राज्याचा इन्कम टॅक्स नाही आणि टपाल पुढे पाठवणाऱ्या सर्व्हिस आहेत, पण तिकडचा प्लॅन घेऊन ॲरिझोनात आजारी पडलात तर इमर्जन्सीपलीकडे खिसा आपला. ६५ नंतर फिरायचंच असेल तर ओरिजिनल मेडिकेअर बरं, ते घेणारा कुठल्याही राज्यातला डॉक्टर चालतो, खाजगी कंपन्यांमार्फतचे ॲडव्हान्टेजवाले बहुतेक प्लॅन एका भागाला बांधलेले.

दातांसाठी मात्र अख्खं क्वार्ट्झसाइट मेक्सिकोत जातं. ॲरिझोनातल्या युमाजवळ, सीमेपलीकडे लॉस अल्गोडोनेस म्हणून छोटं गाव आहे, गल्लीगल्लीत डेंटिस्ट आणि चष्म्याची दुकानं, अमेरिकन बाजूला गाडी लावायची आणि चालत जायचं. ग्रीन कार्डवर असाल तर पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही न्या, वेगळा व्हिसा लागत नाही. परतीची रांग हिवाळ्यात लांब असते, सकाळी लवकर जा.

माणसं? भरपूर. जानेवारीत आरव्ही शो आणि दगडा-रत्नांचे बाजार असतात तेव्हा वाळवंटात ट्रॅफिक जाम होतो. बहुतेक गोरे, आपल्याच वयाचे, कॅनडाचे बरेच, गप्पिष्ट आणि हात लावून मदत करणारे, सोलरची वायर कुठे जोडायची हे आम्हाला शेजाऱ्यांनीच शिकवलं. पण मराठी बोलायला कोणी नाही, भारतीय किराणा म्हणजे दोन तासांवर फिनिक्स, आणि संध्याकाळी साडेपाचला अंधार पडल्यावर तुम्ही दोघं आणि तुमची एक खोली. ते ज्यांना आवडतं त्यांना फार आवडतं. गावाच्या स्मशानात वेळ काढून जा, तिथे हाय जॉली म्हणजे हाजी अलीची समाधी आहे, दगडी पिरॅमिड आणि वर तांब्याचा उंट. १८५६ मध्ये अमेरिकन सैन्याने या वाळवंटासाठी उंट आणवले तेव्हा हा सीरियाकडचा माणूस त्यांच्यासोबत आला, उंटांचा प्रयोग बारगळला पण हा इथेच राहिला आणि १९०२ मध्ये इथेच गेला.

तर माझं म्हणणं, एक महिना भाड्याने घ्या, फेब्रुवारीत, जानेवारीची गर्दी टाळून. पहिला आठवडा हूकअपवाल्या (वीज, पाणी, ड्रेनेजची जोडणी असलेल्या) पार्कात, मग ला पोसाला नुसत्या टाक्यांवर. आणि किती फुटी गाडी बघताय ते लिहाच, ३० फुटाच्या वर गेलात तर नॅशनल पार्कातल्या बऱ्याच जुन्या साइटवर ती मावत नाही.