दिव्यांच्या माळेला झोळ राहू द्या

प्रश्न : आमच्या घरामागे शहाबादी फरशीचं अंगण आहे, 30 फूट लांब. एका बाजूला घराची आरसीसीची भिंत, समोर कंपाउंडला लागून कडुलिंबाचं जुनं झाड. उन्हाळ्यात रात्रीचं जेवण आम्ही तिथंच करतो, म्हणून वरून पिवळ्या दिव्यांच्या माळा सोडायची फार हौस आहे. गेल्या वर्षी पुतण्यानं दिवाळीच्या माळा फांदीपासून निघून कपडे वाळवायच्या तारेवरून गच्चीच्या कठड्यापर्यंत नेल्या होत्या. वळवाच्या पहिल्याच वावधानात सगळं खाली आलं. यंदा पक्कं काम करायचंय. कसं करावं?
— एक वाचक, मानवत (जि. परभणी)

उत्तर : ताई, माळ खाली आली ते बरंच झालं म्हणा. कपड्यांच्या तारेवर विजेची माळ टाकणं हे मला सगळ्यात भीतीचं वाटतं. वारा सुटला की वायर तारेवर घासते, आवरण सोलून निघतं, आणि सकाळी घरातली बाई ओलं लुगडं घेऊन त्याच तारेला हात लावते. पावसाळ्यात अशा बातम्या आपण दरवर्षी वाचतो. मी वायरमन आहे, लातूरकडं घरांचं वायरिंग करण्यातच आयुष्य गेलं. दुसरं काही नाही ऐकलं तरी चालेल, पण या दोन तारा एकमेकींपासून लांब ठेवा.

आता बांधणी. माळेच्या वायरनं वीज वाहायची, वजन नाही. वजन पेलायला वरून वेगळा स्टीलचा वायर रोप ओढायचा, 3 मिलिमीटरचा पुरतो, आणि माळ त्याला फूट-दीड फुटावर काळ्या केबल टायनं बांधायची. पांढरे टाय आपल्याकडच्या उन्हात तडकतात. काळ्यात काजळी मिसळलेली असते, ती ऊन झेलते.

रोप ओढताना सगळ्यांचा हात एकाच ठिकाणी चुकतो. सरळ रेघ दिसावी म्हणून तो सतारीसारखा ताणतात. तुमच्या अंगणाचाच हिशेब करू. 30 फुटांत रोप, वायर, होल्डर, दिवे धरून मीटरला पाव किलो वजन धरा, म्हणजे सगळं मिळून सव्वादोन किलोच्या आसपास. मधोमध 1 फूट झोळ ठेवला तर दोन्ही टोकांवर ओढ येते साधारण साडेआठ किलोची. तोच झोळ 2 इंचांवर आणला तर ओढ जाते 50 किलोच्या वर. वजन तेवढंच, दिवे तेवढेच, आणि भिंतीतल्या हुकावर सहापट जोर. वारा आला की त्यात आणखी भर. तुमच्या कठड्यावरचा खिळा त्यामुळंच निघाला असणार. कठडा म्हणजे वर रचलेली वीट, तिला ओढ सहन होत नाही. हुक बीममध्ये किंवा कॉलममध्ये घ्या, ड्रिल मारून अँकर फास्टनरचा, म्हणजे भोकात फुगून घट्ट बसणाऱ्या बोल्टचा. नुसत्या गिलाव्यात मारलेला हुक हुक नव्हे. सगळ्यात खालचा दिवासुद्धा फरशीपासून 9 फुटांवर राहील असं बघा.

दुसरं टोक लिंबाकडं. झाड हलतं, भिंत हलत नाही. दोघांना पक्कं बांधलं तर वावधानात काहीतरी तुटणारच. त्यासाठी एक साधी युक्ती आहे. फांदीला नाही, बुंध्याला रुंद पट्टा गुंडाळा. नायलॉनचा चालेल, तार नको, तार सालीत रुतते. पट्ट्याला विहिरीवर असते तशी छोटी कप्पी अडकवा. रोप कप्पीवरून खाली सोडा आणि टोकाला वाळू भरलेला डबा टांगा, 9 किलोच्या आसपास. आता लिंब डोलला की डबा वर-खाली होतो, रोपावरची ओढ मात्र तेवढीच राहते. झोळसुद्धा तो डबाच ठरवतो. जास्त वाटला तर दोन ओंजळी वाळू घाला, कमी वाटला तर काढा. डबा बुंध्याला चिकटून राहील असा एका कड्यातून सोडा आणि जमिनीपासून फूटभरच वर ठेवा, म्हणजे लेकरं खाली जाणार नाहीत. बुंधा वाढतो, म्हणून पट्टा दर उन्हाळ्यात एकदा सैल करायचा.

आणखी एखादी माळ कोपऱ्यात न्यायची असेल तर खांब रोवावा लागेल, आणि इथं परभणीची काळी माती आडवी येते. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि नुसता ठोकलेला पाइप दोन-तीन पावसाळ्यांत वाकडा होतो. 2 इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप घ्या, 3 फूट खाली आणि 10 फूट वर. खड्ड्यातली काळी माती सगळी काढून टाका, तळाला मुरूम ठोकून घ्या आणि काँक्रीट भरा. काँक्रीटला आठवडाभर पाणी मारा, मगच रोप ओढा. घाई इथं नडते.

माळ घेताना दिवाळीची झिरमिळी माळ घेऊ नका. तिची वायर केसासारखी बारीक असते आणि ती घरात चार दिवस लावण्यापुरतीच. बाहेरसाठी जाड काळ्या रबरी वायरची, होल्डर वायरीसोबतच ओतलेले असतील अशी माळ मागा. होल्डर आट्याचा, तोंड खाली, आत रबरी वॉशर. खोक्यावर आयपी 65 लिहिलेलं बघा. त्यातला 6 म्हणजे धूळ आत जात नाही आणि 5 म्हणजे पाण्याची धार मारली तरी चालते. आयपी 44 ची माळ शिंतोडे सोसते, पण आडव्या पावसापुढं मला तिचा भरवसा वाटत नाही. बल्ब प्लॅस्टिकचे एलईडी घ्या, 1 वॅटचे. 20 बल्ब रोज 5 तास लावले तर महिन्याला 3 युनिट. जुने 40 वॅटचे पिवळे बल्ब लावले असते तर त्याच वेळात 120 युनिट झाली असती. शिवाय लाइट गेली तरी 20 वॅट इन्व्हर्टरवर सहज चालतात.

रंग 2700 केल्विनचा घ्या, तोच तुमच्या मनातला पिवळा. पांढऱ्या-निळसर दिव्यावर किडे जास्त येतात, पिवळ्यावर कमी. पहिल्या पावसानंतर वाळवीचे पंखवाले किडे निघतील तेव्हा मात्र कुठलाच रंग कामाचा नाही. त्या संध्याकाळी माळ बंद ठेवा आणि आत जेवा.

आता ज्याबद्दल मी कुणाचंच ऐकत नाही ते. या माळेला 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, लागेलच. बोर्डातली 6 अँपिअरची एमसीबी वायर जळण्यापासून वाचवते, माणसाला नाही. माणसाच्या छातीतून एका अँपिअरचा दहावा भाग गेला तरी जीव जाऊ शकतो, आणि एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. आरसीसीबी फेजनं गेलेला करंट न्यूट्रलनं परत येतो का ते सतत मोजते, फरक पडला की क्षणात तोडते. महिन्यातून एकदा तिचं टेस्टचं बटन दाबा. खटकन पडली पाहिजे, नाही पडली तर बदला. खांबाला आणि रोपाला अर्थिंग द्या. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये जमीन कोरडीठाक होते, तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओतत जा.

वायर भिंतीत शिरण्याआधी तिला खाली एक वळसा द्या, म्हणजे पाणी तिथूनच टपकतं, बोर्डात जात नाही. टेपचा जॉइंट बाहेर कुठंही नको. आणि वळवाचं आभाळ गडगडायला लागलं की स्विच बंद करून पिन काढा, लिंबाखालून उठा आणि घरात या. मराठवाड्यात वीज पडून माणसं जातात, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको.

प्रश्न : आमचा जुना दगड-मातीचा वाडा आहे, वर माळवद (मातीचं धाबं). चौकात अशीच माळ लावायची आहे. भिंती दोन-अडीच फूट जाड आहेत, हुक पक्का बसेल ना?
— एक वाचक, औसा (जि. लातूर)

उत्तर : नाही बसणार, काका. भिंत जाड आहे, पण दगडांना धरून ठेवणारी नुसती माती आहे. आडव्या ओढीपुढं अशा भिंतीचं काय होतं ते 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपात किल्लारीनं आणि आपण सगळ्यांनी बघितलंय. साडेआठ किलोनं वाडा पडणार नाही हे खरं, पण हुकाभोवतीचा दगड खिळखिळा होतो, त्या फटीतून माळवदाचं पाणी उतरतं आणि भिंत आतून फुगते. भिंतीला हात न लावता चौकाच्या दोन टोकांना दोन पाइप रोवा, वर मानवतच्या ताईंना सांगितलंय तसेच. लाकडी खांबांवरून उघडी वायर नेऊ नका, पीव्हीसी पाइपातून न्या. आणि वाड्याचं वायरिंग जुनं असेल तर माळ घेण्याआधी ते एखाद्या परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्या. आरसीसीबी लावल्यावर ती सारखी पडायला लागली तर तिला काढून टाकू नका, वाड्यात कुठंतरी गळती आहे असं समजा आणि ती शोधून काढा.