गॉलिश पद्धतीने, म्हणजे प्राचीन फ्रान्सकडच्या गॉल लोकांच्या रीतीने, मिडविंटरचा (ऐन हिवाळ्यातला) सण घरी करायचाय, तारीख कोणती धरू आणि काय काय लागतं?

१८ डिसेंबर धरा. नेटवर सगळीकडे २१ तारीख दिसेल, सोल्स्टिस म्हणजे वर्षातला सर्वात लहान दिवस म्हणून, आणि बरेच गट ती पाळतातही, पण गॉलच्या देवतेचा हिवाळ्यातला ठराविक दिवस लिहिलेला सापडलाय तो एपोनाचा, इटलीत मांतोवाजवळच्या ग्विदिझ्झोलो गावात मिळालेल्या रोमन काळातल्या पंचांगात, आणि तो १८ डिसेंबर आहे. एपोना म्हणजे घोड्यांची देवी, घोडीवर एका बाजूला पाय सोडून बसलेली, बऱ्याचदा शेजारी शिंगरू. हातात लिखित पुरावा असताना नॉर्स म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या लोकांचा हिवाळी सण यूल उचलून त्याला गॉलिश नाव चिकटवायची काय गरज आहे?

मी फ्रान्समध्ये लियोंला राहते. माझी शेजारीण हा जुना गॉलिश धर्म नव्याने पाळते, शहराबाहेरच्या एका तबेल्यात तिची म्हातारी घोडी आहे. १८ला संध्याकाळी ती तिथे जाते, आधी निवांत खरारा करते, मानेपासून सुरू करून पार खुरापर्यंत, मग खांबाला लावलेल्या छोट्या मूर्तीला गुलाब वाहते. ऐन थंडीत गुलाब महाग पडतात तरी तेच हवेत तिला, कारण दुसऱ्या शतकातल्या एका लॅटिन कादंबरीत तबेल्याच्या खांबावर एपोनाची मूर्ती आणि ताजे गुलाब असं अगदी स्पष्ट वर्णन आहे. मग थोडी वाइन जमिनीवर ओतते, फ्रेंचमध्ये चार वाक्यं बोलते, घरी येऊन सगळ्यांना जेवायला घालते.

एका वर्षी माझा मोठा भाऊ आलेला, त्यालाही तिने बोलावलं. आणि दादाने तिच्याच टेबलावर बसून तिला सांगितलं की तुमची परंपरा दीड हजार वर्षांपूर्वी तुटली, हे तुम्ही म्युझियममधून उचललंय, याला धर्म म्हणत नाहीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती चिडली नाही, म्हणाली, आजीने मला हे दिलं नाही हे खरंय, पण म्हणून मी हात लावायचा नाही का? तारीख जुनी, गुलाब जुने, बोलते ते शब्द माझे, आणि हे मी कुणापासून लपवत नाही. दादाला ते पटलं नाही, घरच्या ग्रुपवर अजून वाद चालतो.

माझं मत ऐका. धागा तुटला म्हणून देव मरत नाही. जुनं कोणतं आणि आपण घातलेलं कोणतं हे जो सरळ सांगतो त्याचा सण खरा. आणि दादा ज्याला म्युझियममधला माल म्हणतो ते कोलिन्यीचं पंचांग, म्हणजे फ्रान्समधल्या कोलिन्यी गावात मिळालेलं गॉल लोकांचं पंचांग, लियोंच्या म्युझियममध्ये जाऊन बघण्यासारखं आहे, १८९७ साली तुकड्यांत सापडलेला ब्राँझचा पत्रा. पाच वर्षांचं चक्र, ६२ महिने, त्यात दोन अधिक महिने. आपल्या वेदांग ज्योतिषातलं युगही पाच वर्षांचं आणि ६२ चांद्रमासांचंच! कुणी कुणाचं घेतलं असं मी म्हणत नाहीये, चंद्र-सूर्याचा मेळ घालायला बसलं की हिशोब तिथेच येतो. पण अधिक मासात आईला वाण देणाऱ्या माणसाने तरी त्या पत्र्याला हसू नये.

हां, एक सांगायचं राहिलं, ग्विदिझ्झोलोचं पंचांग रोमन पद्धतीचं आहे. तो भाग आधी गॉल लोकांचाच होता, तरी शुद्ध गॉलिश कागद म्हणून ते कुणाला दाखवू नका. काही जण कोलिन्यीच्या पंचांगातला रिव्रोस महिना धरून सण करतात, पण वर्षाचा पहिला महिना सामोनिओस उन्हाळ्यात येतो की हिवाळ्याच्या तोंडावर यावरच अभ्यासकांचं एकमत नाही, त्यामुळे नवीन माणसाने त्यात पडू नये. आणि सीझरने लिहिलंय की गॉल लोक काळ रात्रींनी मोजायचे, आधी रात्र मग दिवस, म्हणून काही जण १७च्या संध्याकाळीच सुरुवात करतात, तेही चालेल.

घोडा नसेल तर घरात एपोनाचं चित्र, गुलाब, ब्रेड, सफरचंद, एवढं पुरे. जवळच्या तबेल्यात जाणार असाल तर मालकाला आधी विचारा, गाजर गोल चकत्या न करता लांब उभं कापा, चकती घोड्याच्या घशात अडकू शकते, आणि भरवताना तळहात सपाट ठेवा.