मोहाच्या ढोलीचं तोंड मातीने लिंपलंय, आत पक्षी आहे. सोडवू का?

भिंत फोडू नका. आधी एवढंच सांगतो, बाकीचं सावकाश वाचा.

तुम्ही लिहिलंय, की वावराच्या धुऱ्यावर जुना मोह आहे, त्याच्या ढोलीचं तोंड कोणीतरी मातीने बुजवलंय, मधल्या फटीतून वाकडी चोच हलताना दिसते आणि घरची पोरं शिडी लावून पक्ष्याला सोडवायचं म्हणताहेत. तो पक्षी अडकलेला नाही. ती राखी धनेशाची मादी आहे आणि ती भिंत तिने स्वतः आतून घातली आहे. एप्रिल ते जून हा त्यांचा विणीचा हंगाम. आत एकतर अंडी असतील, नाहीतर पिल्लं.

इतक्या ठामपणे सांगतोय, कारण ही चूक आम्ही केलेली आहे. माझं गाव साकोलीच्या पुढे, नागझिऱ्याच्या जंगलाला लागून. मी सातवीत होतो. तेंदूपत्त्याचा हंगाम होता, मोठी माणसं पहाटेच जंगलात गेलेली. बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीवर बेहड्याचं झाड होतं, त्याच्या ढोलीत अशीच चोच दिसली. आम्हाला वाटलं, कोणीतरी पाखराला जिवंत कोंडलंय. चुलतभाऊ वर चढला आणि कुऱ्हाडीच्या पाठीने ठोकायला लागला. वाळलेल्या लिंपणासारखी टणक भिंत, बराच वेळ हलेना. शेवटी खपली निघाली, मादी ओरडत बाहेर आली आणि उडायच्या ऐवजी दगडासारखी खाली पडली. पंखांत मोठी पिसं नव्हतीच, शेपूटही बोडकं. ती सरपटत पळसाच्या झुडपात शिरली. नर दिवस मावळेपर्यंत येत राहिला. चोचीत फळ धरून उघड्या भोकासमोर बसायचा, मान वाकडी करून आत बघायचा, उडून जायचा, परत यायचा. दुसऱ्या दिवशी झुडपापाशी नुसती राखी पिसं पडली होती. आजा अंगणात तेंदूपत्त्याचे पुडे बांधत होता. त्याला सांगितलं तर हातातलं काम थांबवून म्हणाला, "ते बाळंतीण होती बापा. तिले बाहेर काहून काढलं?"

ती पिसं का नव्हती, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. ढोलीत बसली की मादी पंखांची आणि शेपटीची मोठी पिसं झाडून टाकते. म्हणजे त्या काळात तिला उडताच येत नाही. पिल्लं वाढतात तशी तिचीही पिसं नव्याने उगवतात, आणि बाहेर पडायची वेळ येते तेव्हा ती स्वतःच चोचीने भिंत फोडते. तोवर दोन महिन्यांहून जास्त काळ गेलेला असतो. तुमच्या पोरांनी आत्ता फोडलं, तर आमच्या बेहड्याखाली झालं तेच होईल.

धनेशाला सुतार पक्ष्यासारखं लाकूड कोरता येत नाही. झाडाची फांदी मोडून, कुजून जी पोकळी तयार होते ती तो शोधतो, फार तर आतून थोडी साफ करतो. मादी आत शिरते, नर मातीच्या गोळ्या आणून देतो, आणि ती माती व स्वतःची विष्ठा कालवून चोचीच्या कडेने थापत दार बुजवते. एक उभी फट तेवढी राहते. घोरपड, साप, माकड कोणाचाच शिरकाव होऊ नये अशी ही तजवीज. अंडी पांढरी, एकापासून पाचापर्यंत. मादी विष्ठाही त्या फटीतूनच बाहेर टाकते. मोहाच्या बुडाशी बघा, पांढरे ओघळ आणि बियांचा सडा दिसेल. पावसाळ्यात तिथे वड-पिंपळाची रोपं उगवलेलीही मी पाहिली आहेत.

त्या सगळ्या दिवसांत मादीचं आणि नंतर पिल्लांचं पोट नरावर असतं. हे एकदा बघाच, पण लांबून. नर आधी शेजारच्या झाडावर येऊन बसतो, इकडेतिकडे बघतो, मग ढोलीच्या तोंडाशी खोडाला नखं रोवून चिकटतो. चोच रिकामी दिसते. मग मान हिसडतो आणि घशातून एक फळ चोचीच्या टोकाशी येतं. फटीतून आतली चोच पुढे होते, फळ घेते. परत हिसडा, परत एक फळ. पिंपळाची फळं अशी एका खेपेत मी वीसपर्यंत मोजली आहेत. मधूनच सरडा नाहीतर मोठा नाकतोडा. म्हणूनच नराला कोणी मारलं, तर एक पक्षी मरत नाही, अख्खी ढोली मरते.

ओळख पटावी म्हणून रूप सांगतो. शेपटीसकट दोन फूट, म्हणजे घारीएवढा लांब. अंग राखाडी, पोट मळकट पांढरं, डोळ्यावर फिकट भुवई. लांब शेपटीच्या टोकाला पांढरं आणि त्याच्या अलीकडे काळसर पट्टा. वाकड्या चोचीवर दुसरी छोटी चोच ठेवल्यासारखं काळसर शिंग असतं, म्हणून काही जण त्याला शिंगचोचा म्हणतात. नराचं शिंग मोठं, मादीचं लहान, पिल्लाला नसतंच. जवळून दुर्बिणीने पाहिलं तर डोळ्यांना पापण्यांचे केस दिसतात. ती खरं तर बदललेली पिसं आहेत. एवढी चोच पेलायची म्हणून धनेशांच्या मानेचे पहिले दोन मणके एकमेकांत सांधलेले असतात. आवाज घारीच्या किंचाळण्यासारखा. उडताना पंख जड मारतो, मग थोडा तरंगतो, आणि थवा असला की एकामागे एक, रांगेने.

सह्याद्रीतला महाधनेश वेगळा. तो तीन-चार फुटी, काळा-पांढरा, पिवळ्या चोचीचा. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या चिन्हावर तोच आहे. त्या संस्थेच्या कचेरीत विल्यम नावाचा एक महाधनेश १९२० पर्यंत नांदला. आपला राखी धनेश कोरड्या रानात, गावच्या आमराईत, अगदी नागपूरच्या जुन्या झाडांवरही राहतो. वड, पिंपळ, उंबराची फळं आणि लिंबोळ्या त्याच्या आवडीच्या. माणसाला विषारी असलेलं पिवळ्या कण्हेरीचं फळही तो खातो.

आता एक नाजूक गोष्ट. धनेशाच्या चरबीचं तेल सांधेदुखीवर चालतं, असं सांगणारे तुम्हाला भेटतील. त्याला कसलाही आधार नाही, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या पक्ष्याला मारणं, पकडणं, घरटं मोडणं हा गुन्हा आहे. ढोलीचा पत्ता आठवडी बाजारात सांगू नका. फोटो टाकलात तरी गावाचं नाव टाकू नका.

पोरांना मात्र ओरडू नका. त्यांच्या मनात दयाच आहे, आमच्याही होती. त्यांना संध्याकाळी तीस-चाळीस पावलांवर, तुराट्या असतील तर त्यांच्या आडोशाला, गप्प बसवा आणि नराची खेप दाखवा. झाडाखाली बसू नका. तुम्ही तिथे असलात तर नर फळ घशात घेऊन ताटकळत राहतो आणि आतली उपाशी राहतात.

आणि तो मोह राखा. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून आपल्याकडे झाडाखालचा पाला पेटवतात. दरवर्षीच्या आगीने बुंधा पोखरतो आणि एखाद्या वादळात जुनं झाड आडवं होतं. पुढच्या वर्षी पाला खराट्याने झाडून घ्या. ढोलीचं झाड बिनकामाचं म्हणून विकायचा विचार घरात चालला असेल तर तो सोडा. एकदा पिल्लं सुखरूप उडाली की जोडी त्याच ढोलीत वर्षानुवर्षं येते, आणि एवढी ढोली पडायला झाडाचं सगळं आयुष्य जातं.

भिंत आतून फुटलेली दिसली की इथेच कळवा, किती पिल्लं निघाली ते.