वाचकांचे प्रश्न : ऑनलाइन घेतलेली जुनी वस्तू आणि नंतरची भांडणं

ओएलएक्स, फेसबुक मार्केटप्लेस किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर एका माणसानं दुसऱ्याला विकलेल्या वस्तूंवरून झालेले वाद या वेळी घेतले आहेत. दुकानातल्या किंवा कंपनीच्या साइटवरच्या खरेदीचे नियम इथे जसेच्या तसे लागत नाहीत.

प्रश्न : फेसबुकवर जाहिरात बघून शाहूपुरीतल्या एकाकडून १८ हजारांना वापरलेला आयफोन घेतला. ‘डिस्प्ले ओरिजिनल, फोन एकदाही उघडलेला नाही’ असं जाहिरातीत होतं. पाचव्या दिवशी स्क्रीनवर हिरवी रेघ आली. ओळखीचा मेकॅनिक म्हणतो, डिस्प्ले बदललेला आहे. विकणारा म्हणतो, ‘बघून घेतलायस की, आता माझा काय संबंध?’ ग्राहक मंचात जाता येईल का? (राजारामपुरी)

उत्तर : बहुधा नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली मालाबद्दलची तक्रार होते ती व्यापाऱ्याविरुद्ध किंवा उत्पादकाविरुद्ध. स्वतःचा जुना फोन एकदाच विकणारा त्यात बसत नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांतूनही अशा खासगी विक्रेत्याला वगळलं आहे. पण आधी त्याचं प्रोफाइल नीट चाळा. त्याच नंबरवरून आणखी आठ-दहा फोन विकायला लावलेले दिसले, तर तो घरगुती विक्रेता नव्हे, धंदेवाला आहे. त्या जाहिरातींचे स्क्रीनशॉट लगेच काढा, कारण कुणकुण लागली की पहिल्यांदा त्याच गायब होतात. मग कोल्हापूर जिल्हा ग्राहक आयोगात (पूर्वीच्या ग्राहक मंचात) तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं.

तो खरोखर घरगुती विक्रेता असेल, तर माल विक्री कायदा १९३० बघावा लागतो. जुन्या वस्तूच्या दर्जाची हमी अशा विक्रेत्यावर आपोआप येत नाही (कलम १६). बॅटरी लवकर उतरते, स्पीकर खरखरतो, हे तुमच्या माथी. मात्र वस्तू दिलेल्या वर्णनाशी जुळलीच पाहिजे (कलम १५), आणि ‘डिस्प्ले ओरिजिनल’ हे लेखी वर्णन आहे. ठाऊक असून खोटं लिहिलं असेल तर करार कायद्याच्या कलम १७ खाली ती फसवणूक होते आणि सौदा रद्द करून पैसे परत मागता येतात. तिथे ‘बघून घेतलायस’ एवढं म्हणून त्याला सुटता येणार नाही.

आता क्रम. फोन कुठल्याही दुकानात उघडू देऊ नका. एकदा स्क्रू फिरला की ‘डिस्प्ले तूच बदललास’ हे उत्तर तयार असतं. आयफोन ११ आणि त्यापुढच्या मॉडेलमध्ये सेटिंग्ज, जनरल, अबाउट इथे गेलं की बदललेल्या भागांची नोंद दिसते; डिस्प्ले अस्सल नसेल तर ‘अननोन पार्ट’ असं येतं. त्याचा स्क्रीनशॉट घ्या आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून तपासणीचा लेखी कागद घ्या. मग १५ दिवसांची मुदत देऊन व्हॉट्सॲपवर आणि स्पीड पोस्टानं नोटीस पाठवा : जाहिरातीतलं वाक्य, तपासणीत काय निघालं, काय हवं आहे. नोटीस न देता महिनाभर फोन वापरत राहिलात तर तुम्ही तो स्वीकारला असा अर्थ निघतो. चॅट पुसू नका, ‘डिसअपिअरिंग मेसेज’ बंद करा. कोर्टात चॅट दाखल करायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि मूळ फोनवरचं चॅट शाबूत असलेलं बरं.

नोटिशीला दाद मिळाली नाही तर कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाव्यापूर्वीच्या तडजोडीसाठी अर्ज करा. फी नाही, आणि लोकअदालतीत झालेल्या निवाड्यावर अपील नाही. मात्र समोरचा आलाच पाहिजे असं बंधन नाही. दिवाणी दाव्याला तीन वर्षांची मुदत असते खरी, पण १८ हजारांसाठी दावा लढवणं खर्चात परवडत नाही. अस्सल डिस्प्ले बसवण्याचा खर्च त्यानं द्यावा आणि फोन तुम्ही ठेवावा, अशी मागणी करा. ती लवकर मान्य होते.

प्रश्न : माझी ॲक्टिव्हा ५५ हजारांना ओएलएक्सवर लावली होती. एकानं फोनवर किंमत मान्य केली. ‘माझा मेव्हणा गाडी बघायला येईल, त्याच्याशी पैशाचं बोलू नका, आमचं आतलं देणं-घेणं आहे’ म्हणाला. आलेल्या गृहस्थानं फेरी मारली, मोबाईलवरून कुणाला तरी ३८ हजार पाठवले आणि किल्ली मागितली. माझ्या खात्यात एक रुपया नाही. तो गाडीवर हक्क सांगतोय. (ताराबाई पार्क)

उत्तर : तुम्हा दोघांना एकाच माणसानं फसवलं आहे आणि तुम्ही एकमेकांशी भांडताय. त्यानं तुमच्या जाहिरातीतले फोटो उचलून स्वतःच्या नावानं ३८ हजारांना जाहिरात लावली. गिऱ्हाइकाला सांगितलं, ‘गाडी भावाकडे आहे, त्याला किंमत बोलू नका.’ तुम्हाला सांगितलं, मेव्हणा येतोय. दोघांनी पैशाचा विषय काढायचा नाही, एवढ्या एका अटीवर हा सगळा डाव उभा असतो.

गाडी कायद्यानं तुमचीच आहे. जो मालक नाही त्याच्याकडून घेणाऱ्याला मालकी मिळत नाही (माल विक्री कायदा, कलम २७). पण याच कलमात अपवाद आहे : मालकाच्या वागण्या-बोलण्यामुळे ‘याला विकायचा अधिकार आहे’ असा समज झाला असेल तर मालकाला नंतर हात झटकता येत नाहीत. गिऱ्हाइकानं ‘ते तुमचे भाऊच ना?’ असं विचारलं आणि तुम्ही सौदा मोडू नये म्हणून ‘हो हो’ म्हणालात, तर तुमची बाजू लंगडी होते. त्यामुळे तेव्हा नेमकं काय बोलणं झालं ते आजच लिहून ठेवा. ‘पैसे पोचले’ असं कुठेही लिहून देऊ नका.

गिऱ्हाइकाला बसवून त्याच्याकडून सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करवा. हातात हवं : १२ अंकी यूटीआर (व्यवहाराचा) क्रमांक, ज्या यूपीआय आयडीवर पैसे गेले तो, रक्कम आणि वेळ. पैसे पुढे सरकायच्या आत समोरच्या बँकेत अडवायचे असतात, म्हणून हे उद्यावर टाकायचं काम नाही. नंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवून पोचपावती घ्या. तुमचे फोटो वापरले गेल्यामुळे तुम्हीही स्वतंत्र तक्रार द्या. पिन त्यानं स्वतः टाकलेला आहे, त्यामुळे बँक आपल्या खिशातून भरपाई देणार नाही. अडकलेली रक्कम तेवढी परत मिळू शकते.

पुढच्या वेळी, घेणारे असा की विकणारे, आकडा समोरासमोर मोठ्यानं बोला. पिन टाकण्याआधी यूपीआयवर दिसणारं नाव आरसी बुकावरच्या नावाशी जुळत नसेल तर फोन खिशात ठेवा.

प्रश्न : सोफा घ्यायला तयार असलेला माणूस ‘पैसे मिळण्यासाठी हा क्यूआर स्कॅन करा’ म्हणतोय. करू का? (सानेगुरुजी वसाहत)

उत्तर : नाही. पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही लागत नाही. नंबर ब्लॉक करा.

प्रश्न : आठ महिन्यांपूर्वी डिलिव्हरी नोटवर (गाडी ताब्यात दिल्याच्या चिठ्ठीवर) मोटारसायकल विकली. घेणाऱ्यानं नावावर करून घेतली नाही आणि ई-चलनं मला येताहेत. (कागल)

उत्तर : चलन ही यातली किरकोळ बाब. अपघात झाला तर नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक धरला जातो. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. विमा संपलेला असेल तर भरपाई तुमच्या अंगावर येऊ शकते, म्हणून आज पहिल्यांदा विमा चालू आहे का ते बघा. घेणाऱ्यानं काढला नसेल तर थर्ड पार्टी विम्याचे पैसे तुम्ही भरलेत तरी ते वाया जाणार नाहीत.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला फॉर्म २९ (गाडी विकल्याची सूचना) द्यायचा आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत फॉर्म ३० (नावावर करून घेण्याचा अर्ज). गाडीवर कर्ज होतं का? मग फॉर्म ३५ (कर्जाची नोंद काढण्याचा) आणि बँकेचा ना-हरकत दाखला लागतोच. घेणाऱ्याला स्पीड पोस्टानं नोटीस द्या. तिची प्रत, डिलिव्हरी नोट आणि त्याच्या आधारची प्रत जोडून आरटीओत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. असाच अर्ज पोलीस ठाण्यातही द्या. डिलिव्हरी नोटवर नुसती तारीख पुरत नाही, वेळही लागते : त्या दिवशी दुपारी चारला गाडी कुणाच्या ताब्यात होती, यावर सगळं ठरतं.

प्रश्न : फेसबुक ग्रुपवर ‘दुसरं वेत, १४ लिटर दूध’ (म्हणजे दुसऱ्यांदा व्यायलेली) अशी जाहिरात बघून १ लाख २० हजारांना म्हैस आणली. आमच्याकडे आठ लिटरच्या वर जात नाही. फसवलं का? (गडहिंग्लज)

उत्तर : आणल्याला किती दिवस झाले ते लिहिलेलं नाही, आणि उत्तर त्यावरच अवलंबून आहे. टेम्पोतला प्रवास, नवा गोठा, नवा हात आणि बदललेली वैरण यांमुळे म्हैस पान्हा चोरते. पहिले पाच-सहा दिवस घटलेलं दूध पुरावा म्हणून धरता येत नाही. जुन्या मालकाकडे काय आणि किती खाद्य होतं ते विचारून तेच चालू ठेवा. दहा दिवस सकाळ-संध्याकाळ दोन्ही धारांचं दूध मोजा. हे दूध संस्थेत वेगळं घातलंत तर लिटर आणि फॅट छापलेली स्लिप रोज दोनदा हातात येते, आणि तुमच्या वहीपेक्षा ती स्लिप वजनदार ठरते.

दहा दिवसांनीही आठच भरत असेल तर तीन शक्यता. पहिली आणि नेहमीची : दाखवायच्या आधी एक धार चुकवलेली. कास तुंबलेली दिसते, बादली भरते, आणि तो आकडा दुप्पट करून ‘रोजचं दूध’ सांगतात. दुसरी : पान्ह्यासाठी ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन लावलेलं असतं. सवय लागलेली म्हैस सुईशिवाय मोकळं दूध देत नाही. दूध काढण्यासाठी असं इंजेक्शन देणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. तिसरी : दगडी, म्हणजे कासेचा दाह. चारही सडांच्या पहिल्या पिळ्या काळ्या वाटीत काढा. गाठी, पाणचट दूध किंवा रक्ताची छटा दिसली तर त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवा आणि तारखेचं प्रमाणपत्र घ्या. आठवड्यानं बोलावलं तर दगडी तुमच्या गोठ्यात झाली असं म्हणायला विकणारा मोकळा.

कायद्याच्या बाजूनं एक अडचण आहे. १४ लिटर हे विधान चुकीचं असलं, पण ते विकणाऱ्यानं गैरसमजातून केलं असेल आणि साधी काळजी घेऊन तुम्हाला ते तपासता आलं असतं, तर सौदा रद्द करता येत नाही (करार कायदा, कलम १९). जाणूनबुजून केलेल्या खोट्या विधानाला ही सूट नाही. म्हणून ‘१४ लिटर’ कुठून आले ते त्याला लेखी विचारा आणि त्याच्या दूध संस्थेची बिलं मागा. गोठ्यात एकच म्हैस असेल तर बिलात सगळं दिसतं. चार असतील तर त्या बिलाचा फारसा उपयोग नाही. विकणारा हेडी (जनावरांची खरेदी-विक्री करणारा) असेल तर तो व्यापारीच आहे, आणि तुम्ही पोटापुरता धंदा करत असाल तर ग्राहक आयोगाचा रस्ताही मोकळा आहे.

म्हैस घ्यायची तर बोलीवर, म्हणजे आधी अटी ठरवून घ्यावी. सलग चार धारा समोर काढून मोजा, पहिल्या धारेच्या आधीची धार पूर्ण काढलेली बघा, म्हणजे मुक्काम करावाच लागतो. चिठ्ठीवर कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी नंबर, वेत, व्यायल्याची तारीख, चारही धारांचे आकडे आणि ‘दहाव्या दिवशी अमुक लिटरपेक्षा कमी भरलं तर इतके पैसे परत’ हे लिहून दोघांच्या सह्या घ्या. नुसता टेम्पोत चढवतानाचा व्हिडिओ काही सिद्ध करत नाही.

प्रश्न : उद्यमनगरातलं जुनं लेथ मशीन विकायला लावलं होतं. एकानं १० हजार पाठवून ठेवायला सांगितलं, महिन्यानं नको म्हणाला. पैसे जप्त करू का? (शिवाजी पेठ)

उत्तर : मेसेजमध्ये काय लिहिलं होतं त्यावर आहे. ‘इसार, सौदा मोडल्यास परत नाही’ असं ठरलं असेल तर ठेवता येतात, तेही वाजवी रकमेपर्यंत. नुसतं ‘ॲडव्हान्स’ म्हणून आलेले पैसे किमतीचा हप्ता धरले जातात आणि ते जप्त होत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये सांगितलं आहे. त्या महिन्यात भाव उतरला असेल किंवा दुसरं गिऱ्हाईक परत पाठवावं लागलं असेल, तर ते नुकसान पुराव्यासह दाखवून तेवढे कापा आणि बाकीचे परत करा. पुढच्या वेळी पैसे येताच उत्तर टाका : ‘इसार रुपये अमुक मिळाले, मशीन अमुक तारखेपर्यंत राखून ठेवतो, त्यानंतर दुसऱ्याला देईन आणि इसार परत मिळणार नाही.’ समोरच्यानं त्यावर ‘ठीक’ लिहिलं की स्क्रीनशॉट काढून ठेवा.