डाव्या हाताकडे बघ: व्हिएतनामी संगीताच्या नादी लागलेल्या मुलीला पत्र

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेल वाचला. दा नांगच्या हॉटेलात जेवताना कानावर पडलेलं वाद्य, घरी आल्यावर रात्री जागून केलेली शोधाशोध आणि शेवटी पॉडकास्टची ती यादी: एका भागात एक वाद्य आणि शेवटचे दोन भाग आजच्या पॉप गायकांना. यादी फार नीटनेटकी आहे आणि म्हणूनच मला ती पसंत पडली नाही. अशा मांडणीतून काचेच्या कपाटातली वाद्यं बघितल्याइतकंच कळतं. तू सतार वाजवतेस. मींडेची, म्हणजे तार ओढून सूर सरकवण्याची, सवय झालेला कान तुझ्याकडे आहे, तो यादीपेक्षा मोलाचा. त्याच्या भरवशावर सुरुवात कर.

एकच गोष्ट मनात धर. व्हिएतनामी वादकाचा व्हिडिओ लावलास की त्याच्या डाव्या हाताकडे बघ. उजवा हात सूर छेडतो आणि मोकळा होतो. त्या सुराचं पुढे काय होतं, तो कुठे वाकतो, किती थरथरतो, कुठे मुद्दाम सरळ उभा राहतो, हे सगळं डाव्या हातात असतं आणि संगीतही तिथेच असतं.

'दान बाऊ'पासून सुरू कर. लांबट लाकडी पेटी, तिच्यावर एकच तार, आणि एका टोकाला उभी लवचिक काडी. काडीच्या बुडाशी भोपळ्यासारखा छोटा गोळा. वाद्याला पडदे नाहीत. उजव्या हातातल्या बारीक काडीने तार छेडताना त्याच हाताची कड तारेला विशिष्ट बिंदूवर हलकेच टेकवायची, म्हणजे तारेच्या निम्म्यावर, तिसऱ्या भागावर, चौथ्या भागावर, आणि लगेच उचलायची. मूळ सुराऐवजी त्याचा उपस्वर वाजतो, काचेसारखा स्वच्छ. आता डाव्या हाताने ती उभी काडी आत ढकलली की तार सैल होऊन सूर उतरतो, बाहेर ओढली की चढतो. एवढ्या सामग्रीतून सुमारे तीन सप्तकं निघतात. मूळचा आवाज अगदी हळू. तिकडच्या एका जुन्या लोकगीतात म्हटलंय की दान बाऊ जो वाजवतो त्यालाच ऐकू येतो, आणि पुढे लगेच बजावलंय की मुलीच्या जातीने तो ऐकूच नये. का ऐकू नये, ते तू ऐकलंस की कळेल. आज मंचावर दिसणाऱ्या दान बाऊला विजेचा पिकअप जोडलेला असतो. त्यावर नाक मुरडू नकोस. तो नसता तर वाद्यवृंदात हे वाद्य बुडून गेलं असतं.

दान बाऊ बोलल्यासारखा वाटतो असं सगळेच लिहितात आणि तिथेच थांबतात. तू पुढे जा. व्हिएतनामी भाषेत शब्दाचा चढउतार हा अर्थाचाच भाग असतो. हनोईच्या बोलीत असे सहा सूर आहेत, दक्षिणेत पाच उरतात. उत्तरेतल्या सहांतला एक मध्येच घशात तुटतो आणि वर उडी मारतो. आपल्याकडे गायक शब्द कसाही ओढू शकतो, फार तर समीक्षक रागावतात. तिथे चाल शब्दाच्या उलट गेली तर शब्दच दुसरा होतो. म्हणून लोकगीताच्या ठरलेल्या चालीत नवं कडवं बसवताना चाल थोडी वाकवतात, एखाद्या अक्षराच्या आधी छोटासा कण घालतात, दुसऱ्याला खालून उचलतात. ही बहुतेक गीतं सहा आणि आठ अक्षरांच्या जोडओळींत असतात, त्यामुळे चाल तीच आणि शब्द नवे हा खेळ सतत चालू असतो. वाद्यं त्याच गळ्यांच्या सोबतीने वाढली. डाव्या हाताला ही वाकवणूक शिकावीच लागली.

हे एकदा कानात बसलं की बाकीची वाद्यं वेगळी पाठ करावी लागत नाहीत. 'दान त्रान्ह' बघ, म्हणजे बहुधा तू हॉटेलात ऐकलेलं वाद्य. पूर्वी त्याला सोळा तारा असत, आता सतरा किंवा जास्तही असतात. प्रत्येक तारेखाली ती उचलून धरणारा सरकता घोडा असतो. उजव्या बाजूला छेडतात आणि घोड्याच्या पलीकडे, डाव्या हाताने, तार दाबून सूर चढवतात. पाहुण्यांसाठी वाजवणारे बहुतेकजण उजव्या हाताच्या धबधब्यासारख्या सरकत्या फेकींवर भर देतात, कारण त्या लगेच आवडतात. त्याने हुरळून जाऊ नकोस. चंद्रासारख्या गोल तुंब्याचं, दोन तारांचं 'दान किम' बघ: पडदे इतके उंच की तार खोल दाबता यावी. आणि दक्षिणेतल्या वादकांनी फ्रेंचांच्या काळात आलेल्या गिटारचं काय केलं ते तर नक्की बघ. दोन पडद्यांमधलं लाकूड त्यांनी खोबणीसारखं कोरून काढलं, म्हणजे तार आत दाबून सूर वर नेता येईल. परकं वाद्य हातात घेतलं आणि पहिलं काम काय केलं, तर त्याला डावा हात दिला. माझ्या मते विसाव्या शतकातल्या व्हिएतनामी संगीताची सगळ्यात हुशार गोष्ट ती आहे.

आता तुझ्या मेलमधलं ते वाक्य: 'सर, हे तर रागच आहेत!' जरा थांब. दक्षिणेच्या 'दोन का ताय तू' मैफलीत मुख्य रचनेआधी वादक तालाशिवाय थोडं वाजवून वातावरण बांधतो, त्याला 'राव' म्हणतात, आणि तुला आलाप आठवणारच. होऽ, सू, सांग, से, काँग अशी स्वरांची नावंही आहेत. बाक हा प्रसन्न गट, नाम हा उदास, आणि त्यांच्या पोटात आणखी छटा. कोणता स्वर थरथरायचा आणि कोणता स्थिर ठेवायचा, हे त्या छटेनुसार ठरतं. इथवर सगळं ओळखीचं. पण तिथे वादक ठरलेल्या रचनेच्या सांगाड्याला पानंफुलं लावत जातो. आपल्यासारखा एकेक स्वर उलगडत तासभर राग उभा करणं हे तिथलं काम नाही. रागाच्या चौकटीत ऐकशील तर तुला ते अपुरं वाटेल आणि तू त्याला 'साधं' म्हणशील. असं म्हणणारे बरेच भेटलेत मला, त्यांत चांगले संगीतकारही आहेत.

सांगाडा म्हणजे काय, हे समजायला 'वाँग को'पेक्षा चांगलं उदाहरण नाही. १९१९च्या सुमारास मेकाँगच्या मुखाकडच्या बाक ल्यू गावात काव वान लाऊ या संगीतकाराने 'या को होआय लांग' ही रचना केली. रात्री दूरचा नगारा ऐकून नवऱ्यासाठी झुरणाऱ्या बायकोचं गाणं. मूळ रचनेत प्रत्येक ओळ दोन मात्रांची होती. 'काय लुओंग' या संगीतनाटकवाल्यांनी ते उचललं आणि कथेला जागा हवी म्हणून ओळ ताणत नेली: चार, आठ, सोळा, बत्तीस. मुक्कामाचे स्वर साधारण तेच राहिले, मधलं अंतर वाढत गेलं आणि त्या अंतरात शब्द, हरकती, सगळं मावायला लागलं. आज बत्तीस मात्रांची ओळ प्रचारात आहे. आपल्या ख्यालाची लय विलंबित कशी होत गेली हा तुझा आवडता विषय. त्याच्या शेजारी हे ठेवून बघ. गायक आधी मोकळं गात येतो, एका दमात बरेच शब्द ओततो आणि अलगद मुक्कामाच्या स्वरावर उतरतो. नेमकं त्या उतरण्यावर प्रेक्षक टाळ्या वाजवतात. पायाने वाजवायची 'साँग लांग' नावाची छोटी लाकडी टिपरी मात्रा राखत असते, तिचा टक् आवाज शोध. तो सापडला की ओळ कुठे संपते ते आपोआप कळेल.

उत्तरेतलं 'का त्रू' मात्र घाईने ऐकू नकोस. गायिका मांडी घालून बसते, गाताना बांबूच्या पट्टीवर काठ्यांनी स्वतःच ताल वाजवते. शेजारी 'दान दाय' वाजवणारा, तीन तारांचं, अतिशय लांब मानेचं वाद्य घेऊन. आणि तिसरा कलाकार हा श्रोता असतो. त्याच्यापुढे एक लहान ढोल असतो, त्यावर ठोका देऊन तो ओळींच्या सीमा दाखवतो आणि दादही देतो. आपण 'क्या बात है' म्हणतो ते तिथे काठीने म्हणायचं, आणि चुकीच्या जागी म्हटलं तर स्वतःची अब्रू जाते. रसिकालाही शिकावं लागतं अशी ही कला आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हनोईच्या खाम थिएन रस्त्यावर तिची घरं थाटली गेली, अफू आणि इतर धंदे त्यांना चिकटले, आणि १९४५नंतर या गाण्याकडे बदनाम म्हणून पाठ फिरवली गेली. बैठकीच्या लावणीचा इतिहास माहीत असलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. क्वाच थी हो या थोर गायिकेने ते गळ्यात जपलं. पॅरिसमध्ये राहून व्हिएतनामी संगीतावर आयुष्यभर काम करणाऱ्या त्रान वान खे यांनी तिचं ध्वनिमुद्रण जगापुढे नेलं. २००९मध्ये युनेस्कोने का त्रू तातडीने जपण्याच्या यादीत घेतलं. त्याच वर्षी हनोईजवळच्या बाक निन्ह प्रांताचं 'क्वान हो' हे जोडीजोडीने गायचं सवालजवाबी गाणं मानवतेच्या वारशात गेलं. क्वाच थी हो यांचं मुद्रण पहिल्यांदा ऐकताना कंटाळा येईल. तरी ऐक, पण दान बाऊ आणि वाँग को कानात मुरल्यावर.

भारताशी नातं यावर तू आख्खा भाग ठेवला आहेस. नातं आहे. मध्य व्हिएतनाममध्ये चंपाचं राज्य होतं, 'मी सन' या ठिकाणची शिवमंदिरं तू पाहूनच आलीस. आजही चाम लोकांच्या उत्सवात 'सारानाय' नावाचं फुंकवाद्य वाजतं, नाव ऐकून तुला सनई आठवली तर नवल नाही. ११व्या शतकात ली घराण्याच्या राजाने चंपाची गाणी आणि ढोलाचे ठेके आपल्या दरबारात आणवले अशी बखरींत नोंद आहे. आणि एक गंमत: तिथे 'त्राँग कम' नावाचा, गळ्यात आडवा अडकवायचा दुतोंडी ढोल आहे. त्याचा सूर लावायला कातड्याच्या मधोमध शिजलेला भात मळून लावतात. पखवाजाच्या धुमेला, म्हणजे डाव्या तोंडाला, कणीक लावताना तू कितीदा पाहिलंयस. भाग करायचा तर या ढोलावर कर आणि साम्य दाखवून गप्प बस. 'सगळं इथूनच गेलं' हा सूर लावलास तर तो भाग मी ऐकणार नाही. दान त्रान्हचे सख्खे भाऊबंद चीनमध्ये आहेत, आणि दान बाऊसाठी कुणा परक्या देशाकडे बोट दाखवायची गरज नाही.

पियानोवादक दांग थाय सोन तुझ्या यादीत नाहीत, ते घाल. हनोईवर बॉम्ब पडत होते तेव्हा संगीतशाळा खेड्यात हलवली होती, तिथे शिकलेला हा मुलगा १९८०मध्ये वॉर्सातली शोपाँ स्पर्धा जिंकला. ती जिंकणारा पहिला आशियाई. पियानोवर मींड निघत नाही, त्यामुळे माझ्या डाव्या हाताच्या सूत्रात ते बसत नाहीत. सूत्रांना एवढी भोकं असायचीच.

त्रिन्ह काँग सोन यांना मात्र एक पूर्ण भाग दे. ह्वेमध्ये वाढलेला हा कवी-संगीतकार युद्धाच्या ऐन भरात सायगावात बसून युद्धाला कंटाळलेली गाणी लिहीत होता, आणि खान्ह ली ती गात होती. ३० एप्रिल १९७५ला सायगाव पडलं त्या दिवशी त्रिन्ह यांनी रेडिओवरून हातात हात गुंफण्याचं आपलं गाणं गायलं. खान्ह ली अमेरिकेला गेली, ते तिथेच राहिले, २००१मध्ये वारले. त्यांच्या चाली साध्या असतात, जवळजवळ बोलण्याच्या उंचीवर चालणाऱ्या. शब्दाचा चढउतार आणि चाल इतकी एकजीव क्वचितच सापडते. त्याच काळातली बोलेरोच्या ठेक्यावरची सायगावची विरहगीतं १९७५नंतर मायदेशात बंदीत गेली आणि कॅलिफोर्नियात निर्वासितांच्या व्हिडिओंवर जगली. आज कराओकेत सगळ्यात जास्त रडू त्यांनीच येतं.

आजच्या पॉपबद्दल तू जरा माफी मागितल्यासारखं लिहिलंस. नको. होआंग थुई लिन्हचं 'सी तिन्ह' २०२२मध्ये रील्सवर वाजलं तेव्हा तू त्यावर नाचली असशील, भाषा माहीत नसताना. २०२५मध्ये होआ मिन्झीने 'बाक ब्लिंग'मध्ये आपल्या बाक निन्हचं गाणं, रॅप आणि शुआन हिन्ह हे जुन्या नाट्यपरंपरेतले विनोदी नट एकत्र आणले. तिथे ऐकायचं ते हेच: चाल लिहिणारा शब्दाच्या सुराला किती मान देतो आणि कुठे बेधडक मोडतो. रॅपमध्ये तर चाल नसूनही चढउतार असतोच. सुबॉयने २०१६मध्ये हो ची मिन्ह शहरात ओबामांसमोर चार ओळी म्हटल्या, ते चित्रण लावून आवाजाची रेघ कागदावर काढून बघ.

'रिलॅक्स' लिहिलेल्या प्लेलिस्ट बंद कर. मोठ्या 'लोकवाद्यवृंदां'चं ऐकताना हेही ध्यानात ठेव की त्यातली बरीच वाद्यं पाश्चात्त्य स्वरांना जुळवून घेतलेली आहेत. उंच पठारावरची 'त्रुंग' ही बांबूची वाद्यं शेतातली जनावरं हाकलायला वाजायची, मंचावर ती झायलोफोन झाली. बारा भाग करू नकोस, चार कर. पहिल्यासाठी वाँग कोची एकच ओळ निवड, सतारीवर बसव, कोणते स्वर थरथरतात आणि कोणते नाहीत त्यावर खुणा कर आणि मला रेकॉर्डिंग पाठव. सुंदर वाजलं नाही तरी चालेल.

पुन्हा जायचं ठरवलंस तर समुद्रकिनारा सोड आणि बाक निन्हच्या लिम गावची जत्रा बघ. ती चांद्रवर्षाच्या पहिल्या महिन्यात, तेराव्या दिवशी भरते. तारीख दरवर्षी बदलते, तेवढं तिकिटाआधी बघून घे. क्वान हो माईकवर गातात ते मुख्य मांडव टाळ, घरांत बसलेल्या जोड्या शोध. आणि 'तेत' हा नववर्षाचा सण संपून फार दिवस झालेले नसतात, तेव्हा राहायची सोय आधी कर.

सप्रेम,
तुझे सर